पंप बदलण्याआधी सांगा, गाडी रात्री कशी उभी होती?

गेवराईकडच्या एका भावानं विचारलंय. २०१६ची डिझेल पिकअप, कॉमन रेल इंजिन, म्हणजे पंपातून डिझेल आधी एका जाड नळकांड्यात (रेलमध्ये) आणि तिथून चारी नोझलला जातं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाचोडला मोसंबी टाकून रात्री घरी आले, गाडी दारात लावली. सकाळी सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय, पण उठत नाही. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीची, काटा पाव टाकीवर. सायलेन्सरातून धूरही नाही. एक मिस्तरी म्हणाला पंप गेला, दुसरा म्हणाला चारी नोझल, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे, काढा. दोघांचाही आकडा ४० हजारांच्या घरात. आणि शेवटी जाता जाता त्यांनी एक ओळ टाकली आहे: "तशी दोन आठवड्यांपासून सकाळी जरा जास्त सेल्फ खात होती, पण एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही." आता पंप बदलू की नोझल, आणि गाडी ओढून बीडला नेऊ का, असं त्यांचं विचारणं आहे.

भाऊ, सगळ्यात आधी सेल्फ मारणं थांबवा. दोन दिवसांत दहा जणांनी येऊन "बघू एकदा" म्हणत चावी फिरवली असणार, मला माहीत आहे. कॉमन रेलच्या हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून डिझेलच लागतं, वेगळं ऑइल नसतं. पंपात डिझेल न येता नुसती हवा येत असेल आणि तुम्ही अर्धा-अर्धा मिनिट सेल्फ दाबून धरत असाल, तर चांगला पंप खरोखरच जाईल. मग तो मिस्तरी बरोबर ठरेल, पण तुमच्या पैशानं. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग दोन मिनिटं दम, आणि तेही काहीतरी तपासायचं असेल तेव्हाच.

पंप की नोझल याचं उत्तर आत्ताच देत नाही, कारण मला तुमचा प्रश्न वेगळा दिसतो. नळीतलं डिझेल रात्रभर जागेवर थांबतं का, हा तो प्रश्न आहे. असं का म्हणतो ते सांगतो, पण त्याआधी "गाडी सुरू होत नाही" या चार शब्दांची फोड केली पाहिजे. माझ्या गॅरेजला फोन येतो तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारतो, की फिरतच नाही, जड फिरते, की मोकळी फिरते पण पकडत नाही?

फिरतच नाही किंवा नुसतं कट-कट वाजतं, तर डिझेलकडं बघायचंच नाही. बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, सेल्फ, एवढंच. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३च्या पुढं जातो, उन्हाळ्यात शिजलेली बॅटरी पावसाळ्यात दगा देते. मीटर लावला तर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर तिच्यात जीव नाही. जड फिरत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावून बघा. लगेच हलकी फिरली तर इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी खराब आहे. ऊस आणि खत वाहणाऱ्या गाड्यांच्या पट्ट्या मी हिरव्यागार झालेल्या काढल्या आहेत.

तुमची तिसऱ्या जातीची. मोकळी फिरते, पकडत नाही. यातही एक कानानं ऐकायची गोष्ट आहे. डिझेल इंजिन फिरताना "घुर्र-घुर्र-घुर्र" असा ठेका येतो, तो दाबाचा आवाज. ठेका गेला आणि पंख्यासारखं एकसारखं सुळकन फिरायला लागलं, तर टायमिंगचा बेल्ट किंवा चेन गेली असं समजा, आणि चावीला हातही लावू नका. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण शेजारच्या कुणाला तरी जुन्या आवाजाची आठवण विचारा.

आता धूर. डिझेलला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. हवा दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. म्हणजे सेल्फ मारताना सायलेन्सरातून पांढुरका, डोळ्याला झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. मग दाब, टायमिंग, डिझेलमधलं पाणी किंवा थंडीत हीटर प्लग (सुरू करताना आतली हवा तापवणारा) अशा गोष्टी बघायच्या. तुम्ही म्हणता धूर अजिबात नाही. म्हणजे आत डिझेल पडतच नाहीये. हीटर प्लगचा विषय तसाही सोडा, परभणीकडं जानेवारीच्या पहाटे त्याला अर्थ असतो, भादव्याच्या उकाड्यात नाही.

डिझेल न पडण्याची कारणं दोन घरांतली. एक, डिझेलच येत नाही. दोन, डिझेल आहे पण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नोझलला उघड म्हणत नाही. दुसऱ्या घराची तपासणी फुकटातली आहे, आधी ती करा. चावी ऑन केली की मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर ईसीयूला करंट नाही, मेन रिले आणि फ्यूज बघा. चावीचा किंवा कुलपाचा दिवा भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाही, दुसरी चावी लावून बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासा उठतो का बघा. बऱ्याच गाड्यांत तो शंभर-दोनशेवर थरथरतो. मेल्यासारखा पडून राहिला तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरवर, संशय जातो, पण प्रत्येक गाडीत काटा असा हलतोच असं नाही, म्हणून खात्री स्कॅनरवरच (ईसीयूतले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) करायची. क्रँक सेन्सर मात्र खरंच अचानक जातो, आणि बहुतेक वेळा गरम असताना, चालता चालता. तुमच्या गाडीनं दोन आठवडे आधी सूचना दिली होती. सेन्सर असे रोज सकाळी रडत नाहीत.

म्हणून मी तुमच्या त्या शेवटच्या ओळीवर अडलो. सकाळी त्रास, दिवसभर काही नाही. नोझल किंवा पंप झिजला की बहुधा उलटं होतं. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या जागेतून जास्त निसटतं, रेलमध्ये प्रेशर बनत नाही. अशी गाडी सकाळी थंडीत उठते आणि दुपारी मोंढ्यात माल उतरवून परत निघताना अडते. ड्रायव्हर बोनेट उघडून चहा पिऊन येतो, मग सुरू होते. तुमची गाडी दिवसभर दहा ठिकाणी बंद करून चालू होत होती आणि फक्त रात्रभर उभी राहिल्यावर अडत होती. म्हणजे उभं राहण्यात काहीतरी घडत होतं. नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरत होतं आणि त्याच्या जागी हवा बसत होती. आधी फट बारीक होती, दहा सेकंद सेल्फ मारला की हवा निघून जायची. आता फट मोठी झाली.

इथं तुम्ही मला न सांगितलेली गोष्ट विचारतो: दारात गाडी कशी उभी असते? तोंड चढाकडं का उताराकडं? तोंड वर आणि टाकी खाली असेल तर डिझेल आपसूक मागं सरकतं. त्यात पाव टाकी, म्हणजे टाकीतली पातळीही खाली. पाचोडहून आल्या रात्री तुम्ही नेहमीपेक्षा वेगळ्या जागी गाडी लावली होती का, तेही आठवा. पूर्ण टाकी असताना गाडी बरी उठायची आणि रिकामी होत आली की कुरकुरायची, असं असेल तर माझी खात्री आणखी वाढेल.

ही खात्री मला पुस्तकातून आलेली नाही, एकदा तोंडावर पडून आली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी शहागडकडची एक पिकअप माझ्याकडं ओढून आणली. हीच तक्रार. मी स्कॅनर लावला, सेल्फ मारताना रेल प्रेशर वर चढेना, आणि मी रुबाबात सांगितलं, पंप. मालकानं टोमॅटोच्या पट्टीचे पैसे आणून दिले. रिकंडिशन पंप बसवला, एअर काढली, गाडी सुरू. मीही खूश. चौथ्या दिवशी सकाळी त्याचा फोन, "मिस्तरी, गाडी उठंना." गेलो त्याच्या वस्तीवर. गाडी गोठ्याशेजारी, चढावर तोंड करून. फिल्टरकडं जाणाऱ्या रबरी नळीवरची क्लिप मी सहज हातानं फिरवली तर ती गरगर फिरली. क्लिप काढली, तिच्याखाली नळीला नखाएवढी चीर. बाहेर डिझेलचा एक थेंब नाही, धूळसुद्धा कोरडी. दीडशे रुपयांची नळी होती ती. स्कॅनर खोटं बोलला नव्हता, प्रेशर बनत नव्हतंच. पंपाच्या पोटात हवा असेल तर तो प्रेशर बनवणार कशाचं, एवढं मी स्वतःला विचारलं नव्हतं. पंपाची मजुरी परत केली, पंपाचे पैसे काही परत करू शकलो नाही. तो माणूस अजून माझ्याकडंच येतो, आणि आला की क्लिप फिरवून दाखवतो.

बाहेर ओल नाही म्हणजे गळती नाही, इथं बहुतेक जण फसतात. बऱ्याच पिकअपमध्ये टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते, पंप डिझेल खेचून घेतो. अशा लाइनला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. तुमच्या गाडीत टाकीत मोटार असेल तर गोष्ट वेगळी. चावी ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण येते का ऐका. येत असेल तर लाइन दाबावर आहे आणि गळती असली तर थेंब दिसतील. पूर्वी यायची आणि आता येत नाही, तर त्या मोटारीचा फ्यूज आणि रिले हेच पहिलं काम.

आता घरच्या घरी करायचं ते. फिल्टरच्या डोक्यावर हातानं दाबायचा प्रायमर असतो. तो दाबत राहा. चांगल्या लाइनमध्ये वीस-तीस दाबांत तो दगडासारखा कडक होतो. कडक झाला की एकदा सेल्फ मारा. गाडी उठली तर निम्मं उत्तर मिळालं. मग बंद करून अर्ध्या तासानं प्रायमर परत दाबा. पुन्हा पोकळ लागला तर डिझेल मागं उतरतंय. कितीही दाबून कडकच होत नसेल तर एक तर फट मोठी आहे, नाहीतर प्रायमरची स्वतःचीच व्हॉल्व्ह गेली आहे.

फट कुठं आहे ते बघायला मी गवंड्याची लेव्हल पाइप वापरतो. ती पारदर्शक असते. वीतभर तुकडा फिल्टर आणि पंपाच्या मधल्या नळीत घालायचा, दोन्ही बाजूंना क्लिप आवळायची, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून आपण तिथं डोळा लावून बसायचं. डिझेल मधासारखं एकसंध सरकलं तर ठीक. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे पळताना दिसले तर चोर सापडला. मग तोच तुकडा फिल्टरच्या आधी घाला. तिथंही बुडबुडे, तर फट टाकीकडं. तिथं नाहीत, तर फिल्टरमध्येच. हा तुकडा तपासण्यापुरताच, डिझेलनं तो दोन दिवसांत कडक होऊन तडकतो. आणि हे फक्त पंपाच्या अलीकडच्या, रबरी नळीच्या बाजूला. पंपाच्या पुढच्या लोखंडी पाइपांना हात लावायचा नाही, ते खाली सांगतो.

लेव्हल पाइप नसेल तर कॅन. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात चांगलं डिझेल, कॅन इंजिनपेक्षा वर धरायचा. टाकीकडून फिल्टरला येणारी नळी काढून तिथं कॅनची नळी जोडायची, प्रायमर मारून हवा काढायची आणि सेल्फ. कॅनवर झटक्यात सुरू झाली तर पंप, नोझल, ईसीयू सगळे निर्दोष. दोष टाकी ते फिल्टर एवढ्या टप्प्यात आहे. भाऊ, ४० हजारांचा निर्णय या एका कॅननं होऊ शकतो.

फट सापडण्याच्या जागा माझ्या अनुभवात ठरलेल्या आहेत. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा नॉब किंवा पाण्याचा सेन्सर असतो, त्याची रबरी रिंग. फिल्टर शेवटचा कधी बदलला हे तुम्ही लिहिलं नाही, पण दोन-तीन आठवड्यांपूर्वी बदलला असेल तर बाकी सगळं सोडून आधी ती रिंग बघा. जुनीच बसवलेली असते, किंवा पिळलेली. गाडीवर शेवटचं काम जिथं झालं तिथंच मी पहिला संशय घेतो. नंतर क्लिपांखालच्या नळ्या. नंतर टाकीच्या वरचा पाइप, तिथं चिखल साचून लोखंड गंजतं. आणि उंदीर. कापूस, भुसा, पेंडीची पोती जिथं असतात तिथं रात्री गाडी लावली की उंदीर नळ्याच नाही, वायरिंगही कुरतडतात. बोनेटखाली शेंगांची टरफलं दिसली तर टॉर्च घेऊन बसा.

फिल्टर उघडताय तर खालचा नॉब सोडून पाण्याच्या पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी तळाला बसतं, वर डिझेल, मधली रेघ स्पष्ट दिसते. वास पेट्रोलचा आला किंवा रंग विचित्र वाटला तर शेवटचं डिझेल कुठून भरलं ते आठवा. सुट्टं, ड्रममधलं, कुणी "स्वस्तातलं" दिलेलं असेल तर टाकी उतरवावी लागेल. आणि टाकीचं झाकण उघडताना जोरात "फुस्स" आवाज येऊन हवा आत गेली तर टाकीचा श्वास कोंडला आहे. तोही डिझेल अडवतो.

इथपर्यंतचं सगळं चांगलं निघालं, बुडबुडे नाहीत, कॅनवरही उठत नाही, तर मग मिस्तरींचं ऐकायची वेळ आली. पण तेव्हाही अंदाजानं नाही. स्कॅनरवर सेल्फ मारताना दोन आकडे बघायचे, आरपीएम आणि रेल प्रेशर. गाडीगाडीनुसार फरक असतो, पण साधारण २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास पोचल्याशिवाय ईसीयू नोझल उघडत नाही. प्रेशर बनतंय आणि आरपीएम शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. आरपीएम आहे आणि प्रेशर २०-३० बारवर अडलंय, तर दोन आरोपी: नोझलमधून परत जातंय, किंवा पंपालाच बनवता येत नाही. यांचा निवाडा चार बाटल्यांनी होतो. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जातं त्या तोंडाला) नळी लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायची आणि सेल्फ मारायचा. तीन बाटल्यांत तळ ओला आणि चौथीत बोटभर, तर ते एक नोझल. चारी कोरड्या आणि तरी प्रेशर नाही, तर पंप, त्यातही आधी पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, म्हणजे पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा. तो वेगळा मिळतो, अख्ख्या पंपाच्या मानानं स्वस्त. "चारी नोझल काढा" म्हणणाऱ्यानं या चार बाटल्या लावल्या होत्या का, एवढं विचारा.

इथवर सगळं कॉमन रेल गृहीत धरून बोललो. पंपातूनच चार लोखंडी पाइप थेट चार नोझलला गेले असतील तर गाडी जुन्या पंपाची आहे. पंपातून एक पाइप जाडजूड नळकांड्याला आणि तिथून चार फुटले असतील तर कॉमन रेल. जुन्या पंपात चावी ऑन केल्यावर स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या खटक्याचा) "टक" आवाज येतो का हे पहिलं बघायचं. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींत यूरियाच्या टाकीपासून वेगळीच कटकट असते, ती तुम्हाला लागू नाही.

दोन गोष्टी कुणालाही करू देऊ नका. जुन्या पंपाच्या गाडीत आम्ही नोझलचा नट ढिला करून, सेल्फ मारून एअर काढायचो. ती सवय हाताला आहे, आणि आजही कित्येक मिस्तरी कॉमन रेलवर तेच करतात. चालू इंजिनात या पाइपांत हजार बारच्या वर प्रेशर जातं. ती धार कातडीतून आत घुसते, वरून सुईच्या टोकाएवढं दिसतं आणि आतून हात सडतो. असं कुणाला लागलंच तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना. दुसरं, हवेच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे मारणं. हीटर प्लग तापलेले असले तर तो वेळेआधीच पेटतो, पिस्टन, रिंगा फुटतात.

राहिलं ओढून नेण्याचं. प्रायमर, क्लिपा आणि कॅन झाल्याशिवाय बीडला नेऊ नका, बहुतेक तिथंच गाडी उठेल. न्यावीच लागली तर दोरीवर गिअर टाकून उठवायचा प्रयत्न करू नका, नळीत हवा असताना ती उठणार नाही आणि टायमिंगवर झटका बसेल. चावी ऑनवर ठेवा म्हणजे स्टेअरिंग लॉक होणार नाही. इंजिन बंद म्हणजे ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम नाही. दोन-तीनदा दाबला की पेडल लाकडासारखं होतं, सगळा जोर पायाचा. त्यामुळं मागच्या गाडीत पोरगं बसवू नका, स्वतः बसा, फाळक्यात माल ठेवू नका आणि हँडब्रेक लागतो का ते निघण्याआधी बघा. दोरीपेक्षा लोखंडी दांडा मिळाला तर उत्तम.